किल्ली माझ्याकडेच आहे

६ सप्टेंबर, रविवार. दुपार.

आज चर्च सोडलं. कायमचं.

मन अगदी शांत आहे. तारीख लिहिताना दोनदा चुकली, ती शांततेमुळेच असावी.

घडलं ते असं. नवे पाळक (वय आमच्या जावयाएवढं, दाढी त्याच्याहून विरळ) उपदेशात म्हणाले की देवाच्या कृपेला दारवान लागत नाही. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं. वीसेक वर्षं त्या चर्चचं दार मी उघडतो, मी बंद करतो. थंडी असो, ताप असो, घरी पाहुणे असोत.

उपासनेनंतर मीटिंग. सेक्रेटरींनी विषय काढला की किल्ली एकाच माणसाकडे नसावी. (हे गृहस्थ दर वाक्याआधी घसा साफ करतात. मी मनातल्या मनात त्यांना घसासाहेब म्हणतो.) मागे कोण एक बाई बुधवारी प्रार्थनेला आली होती, कुलूप पाहून पायरीवर बसून रडली आणि गेली म्हणे. आता बुधवारी कुलूप असतं हे सगळ्यांना माहीत आहे. तिने रविवारी यायला हवं होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, तारण कृपेने होतं, आपल्या कर्माने होत नाही, असं पाळकसाहेबच सांगतात. ठीक. मग चर्च कशाला, कमिटी कशाला आणि मी तरी कशाला? यापुढे माझा व्यवहार थेट वरती.

घसासाहेबांनी घसा साफ केला. वाटलं, आता विनवणी येणार. त्यांनी पंख्याच्या दुरुस्तीचा विषय घेतला.

घरी येऊन कोट काढताना कळलं, किल्ली खिशातच राहिली. मुद्दाम नाही. पण राहिली ती राहिली. येतील मागायला.

हिला सांगून टाकलं की आजपासून या घरात चर्चचा विषय बंद, एक अक्षर नको. ही ‘बरं’ म्हणाली. इतक्या लवकर बरं म्हणायची हिची पद्धत नाही.

७ सप्टेंबर, सोमवार.

ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याला सगळं समजावलं. आमचं खातं वजनमापं तपासण्याचं. दुकानदार आपापली वजनं आणतात, आम्ही ती तोलतो. बरोबर भरलं तर शिक्का, कमी भरलं तर बाद. त्याला म्हटलं, कृपेचं तसं नाही. तिथे तोलणं नाही, शिक्का नाही, बाद नाही. त्याने विचारलं की मग तिथे आपल्यासारख्यांनी करायचं काय?

माणूस वरवरचा आहे. खोलात जात नाही.

१२ सप्टेंबर, शनिवार.

आज किल्ली मागायला येणार. उद्या रविवार, दार उघडायचं कसं? सकाळपासून घरीच थांबलो. किल्लीला तेल लावलं. वाक्यही तयार ठेवलं: ‘माझा कोणावर राग नाही. फक्त पद्धतीवर आहे.’ तीन प्रकारे म्हणून पाहिलं. आरशात दुसरा प्रकार बरा वाटला.

चार वाजता बेल. इस्त्रीवाला.

संध्याकाळपर्यंत कोणी नाही. अहंकार माणसाला कुठे नेतो पाहा. घसासाहेबांना माझ्या दारात यायला कमीपणा वाटतो.

१३ सप्टेंबर, रविवार.

ही ठेवणीतले कपडे घालून गेली. मी खिडकीत. सगळी मंडळी बंद दारापुढे उभी आहे, म्हातारी माणसं उन्हात आहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, पण ते वाईट वाटण्याच्या मानाने किरकोळ.

ही नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा आली. म्हणजे दारापाशी खोळंबा झालाच. चेहरा मात्र प्रसन्न. गुणगुणत होती.

विचारायची सोय नाही. विषय मीच बंद केलाय. आडून विचारलं की ऊन फार होतं का. म्हणाली, बाहेर होतं. यावरून काही ठरत नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार.

हिने विचारलं की बाल्कनीतलं ते काळं लोखंडी वजन लागतंय का तुम्हाला. फार जुनं आहे ते. पाच किलोचं म्हणून आलं होतं, कमी भरलं, मीच बाद केलं. दुकानदार परत न्यायला फिरकला नाही. तेव्हापासून कुंड्यांमागे पडून आहे. म्हटलं, घेऊन जा, बाद वजनाचा काय उपयोग. कशाला हवंय ते विचारलं नाही. बायकांच्या कामात लक्ष घालत नाही.

२० सप्टेंबर, रविवार.

नवी सुरुवात! आमच्याच हॉलमध्ये ‘कृपा-बैठक’. इथे संस्था नाही, पदं नाहीत, कमिटी नाही, मानपान नाही. नुसती कृपा.

उपस्थिती: मी, हिचा भाऊ, शेजारचा टेबलवाला. मेहुणा आला कारण त्याला लांबलचक उपदेश सोसवत नाहीत. टेबलवाला आमच्या धर्माचाच नाही, पण रविवारी त्याच्या घरी रंगकाम चालू आहे.

मी बोललो. विषय: माणूस स्वतःच्या जोरावर काहीच मिळवत नाही. फार चांगलं झालं. माझी तयारी दिसून आली.

मेहुणा वीस मिनिटं उशिरा आला होता, तेवढं खटकलं. शिवाय माझ्या खुर्चीत बसला.

२४ सप्टेंबर, गुरुवार.

कृपा-बैठकीसाठी थोडे नियम केले. संस्था म्हणून नव्हे, सोय म्हणून. बैठक नऊला. खुर्च्या ठरलेल्या. प्रश्न शेवटी. चप्पल-बूट उजवीकडे. कोणीतरी प्रमुख लागणारच, तर मी. एकमताने. (मेहुण्याला फोन लागला नाही.)

२७ सप्टेंबर, रविवार.

संतापाचा दिवस.

नऊ वाजले. टेबलवाला हजर. मेहुणा नाही. मी दार लावलं, आतून कडी घातली. शिस्त म्हणजे शिस्त. सव्वानऊला बेल. मेहुणा बाहेरून म्हणत होता, दाजी, उघडा, मी आहे. कोण आहे ते मला कळत होतं. मी आतून शांतपणे सांगितलं की बैठक सुरू झाली आहे, पुढच्या रविवारी वेळेवर ये. त्याने पुन्हा बेल वाजवली. टेबलवाला खुर्चीतून उठायला लागला, त्याला हाताने बसवलं आणि बोलणं चालू ठेवलं. विषय: कृपेचं दार सर्वांना सताड उघडं आहे.

टेबलवाला आधी खोकला. मग खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. मग त्याचे खांदे हलायला लागले. सर्दी असावी.

ही चर्चमधून आली तेव्हा मेहुणा तिच्याबरोबर होता. हातात बिस्किट. इथून तो सरळ तिकडे गेला होता म्हणे. दार उघडायला तिथे कोणी काय जादू केली, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. माझा तर्क असा की मागच्या खोलीच्या खिडकीतून एखाद्या बारीक माणसाला आत सोडत असावेत. घसासाहेब नव्हेत. ते अडकतील.

१ ऑक्टोबर, गुरुवार.

लेकीचा फोन. २५ तारखेला नातीचा बाप्तिस्मा, आमच्याच चर्चमध्ये. मागचं चर्च म्हणायला हवं. लेक म्हणाली की बाळाला कडेवर घेऊन आत जाल ते तुम्हीच बाबा, मी लहानपणापासून ठरवलंय. तिच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याला माझ्या वडिलांनी तिला घेतलं होतं, तो फोटो तिच्या घरी भिंतीवर आहे.

मी तिला सिद्धांत सांगितला की डोक्यावर पाणी पडल्याने तारण होत नसतं, कृपा पाण्यासाठी अडून राहत नाही. लेकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, ते मला माहीत आहे बाबा. तुम्ही याल का, एवढंच विचारतेय.

म्हटलं, बघू.

फोन ठेवल्यावर चष्मा दोनदा पुसावा लागला. हवेत धूळ फार आहे.

पण आता बघाच. जावयाकडचे पाहुणे येणार, बाळ येणार. एवढ्या लोकांना काही खिडकीतून आत घेता येत नाही. आता येतील. येऊन मागतील. मग मी किल्ली देईन, नव्हे, स्वतः जाऊन दार उघडीन, आणि नातीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे आत जाईन. तत्त्वाला धक्का न लावता.

४ ऑक्टोबर, रविवार.

बैठकीला एकटा टेबलवाला. रंगकाम संपल्याचं त्याने जाताना सांगितलं.

११ ऑक्टोबर, रविवार.

बैठक. उपस्थिती: मी. नऊला दार लावलं. उपदेश जरा लांबला, मध्येच डोळा लागला. ही आली तेव्हा कडी आतून होती आणि मी खुर्चीत घोरत होतो. बिचारी बाहेर बराच वेळ उभी होती. काही बोलली नाही. गुडघा चोळत आत आली.

हिचा असा गप्पपणा मला अजिबात आवडत नाही. भांडावं ना माणसाने.

१७ ऑक्टोबर, शनिवार.

आले! स्वतः पाळकसाहेब आले!

दारात पाहताच ओळखलं, किल्लीसाठी. शेवटी आलातच, असं मनात म्हटलं. हॉलमध्ये बसवलं. किल्ली आणली आणि टीपॉयवर मधोमध ठेवली, त्यांना विषय काढायला सोपं जावं म्हणून. हिने चहा आणला. पाळकसाहेबांनी कप ठेवायला जागा पाहिली, किल्ली दोन बोटांनी बाजूला सरकवली आणि तिथे कप ठेवला.

मग हवापाणी. माझ्या पाठदुखीची चौकशी. ऑफिसची चौकशी. मी वाट पाहतोय. किल्ली कपाच्या मागून काढून पुन्हा पुढे ठेवली. त्यांनी बिस्किटांची बशी सरकवायला ती पुन्हा बाजूला केली. शेवटी डोळे मिटून छोटी प्रार्थना केली, माझं नाव घेऊन. तक्रारीचा सूर नव्हता. माझ्याबद्दल आभार वगैरे मानले. कशाबद्दल ते कळलं नाही. निघताना म्हणाले की रविवारी या, वाट पाहतो.

किल्लीचा उल्लेखही नाही!

किती हा ताठा. पोटात आहे पण ओठांवर येत नाही. एवढ्या तरुण वयात इतका अहंकार बरा नव्हे. त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं ठरवलं. उद्यापासून.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार.

ऑफिसातून अर्धा दिवस रजा. एका दुकानदाराचं वजन केसभर कमी भरलं, तो फार गयावया करत होता. एरवी मी ऐकत नाही. आजही ऐकलं नाही. पण नंतर चैन पडेना. टेबलवाला म्हणाला की साहेब, तुमच्या त्या कृपेचं काय झालं? त्याला सांगितलं की ऑफिस वेगळं आणि तारण वेगळं.

कोट ड्रायक्लिनिंगहून आणला. कशासाठी असं नाही. असावा.

२४ ऑक्टोबर, शनिवार.

लेक, जावई, बाळ आले. बाळ!

घेतलं. एवढंसं आहे. माझं बोट धरलं ते सोडेचना. चष्मा ओढला. मग माझ्याकडे बघून हसलं, काहीही कारण नसताना. मी तिच्यासाठी अजून काहीच केलेलं नाही. वाईट वाटलं की आनंद झाला ते नक्की सांगता येत नाही. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

खरं लिहायचं तर उद्या जायची फार इच्छा आहे. फार म्हणजे फारच. पण आपण होऊन कसं जायचं? इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात जाईल. एक माणूस जरी आला, एक शब्द जरी म्हणाला, तरी पुरे. घसासाहेबांनी नुसता फोन करून घसा साफ केला तरी मी समजून घेईन.

फोन आला नाही. दोनदा उचलून पाहिला, चालू आहे.

२५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी.

सगळे निघाले. लेक दारात थांबली. बाळ पांढऱ्या कपड्यात. तिने बाळाला माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, घ्या ना बाबा, चला.

मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, बोलावणं आलं की येतो.

ती म्हणाली, मी बोलावतेय ना.

तिला समजावलं की हे घरचं बोलावणं झालं, अधिकृत नव्हे. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बाळाला खांद्यावर घेतलं आणि जिना उतरली. जावई माझी नजर चुकवून मागोमाग. ही शेवटी गेली. जाताना माझ्या कोटाच्या बाहीवरचा धागा काढला.

आता मी कोट, टाय, बूट घालून खिडकीशी बसलो आहे. किल्ली हातात. दार बंद दिसलं की कोणीतरी धावत येणारच. पाहुण्यांसमोर लाज आहे.

त्याच दिवशी. थोड्या वेळाने.

कोणी नाही. एक सायकलवाला आमच्याकडे वळला असं वाटलं. दूधवाला निघाला.

त्याच दिवशी. आणखी थोड्या वेळाने.

बाळ उन्हात असेल. तिला टोपी घातली होती का? आठवत नाही.

ठरलं. मीच जातो. कोणी मागितलेली नाही, कोणाची लायकीही नाही, तरी देतो. याला म्हणतात कृपा. त्यांना समजेल तरी. एक शब्दही लागेल असं बोलणार नाही. फक्त दार उघडीन आणि बाजूला उभा राहीन. निघालो.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

दार उघडं होतं.

उघडं म्हणजे दोन्ही दारं पार भिंतीपर्यंत. कुलूप नाही. कुलूप अडकवायची कडीच नाही, तिच्या जागी चार भोकं, त्यांत पुट्टी भरून वरून रंग दिलेला. रंग वाळून जुना झालेला. वाऱ्याने दार मिटू नये म्हणून खाली काळं लोखंडी वजन टेकवलं होतं. आमच्या बाल्कनीतलं. मी बाद केलेलं.

मी धापा टाकत पायरीवर. हातात तेल लावलेली किल्ली.

आत शेवटचं गीत चाललं होतं. शेवटच्या बाकावर एक बाई डोळे मिटून बसली होती, मी तिला कधी पाहिलेलं नाही. आमच्या नेहमीच्या बाकावर ही, आणि तिच्या शेजारी तिची पर्स ठेवून धरलेली रिकामी जागा. घसासाहेबांनी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं की वहिनी दर रविवारी तशीच ठेवतात, आम्ही कोणी तिथे बसत नाही. घसा साफ न करता म्हणाले. पहिल्यांदाच.

जाऊन बसलो. हिने पर्स उचलून मांडीवर घेतली.

बाप्तिस्मा होऊन गेला होता. बाळाला आत नेलं ते मेहुण्याने. दोन रविवार झाले तो वेळेवर येतो म्हणे. बाळाचे केस अजून ओले होते. मी रुमालाने पुसायला गेलो, मग नाही पुसले.

हे मात्र परत मिळणार नाही. खिडकीत बसून माझ्या हातानेच घालवलं. दुसऱ्या कोणाचं नाव इथे लिहायचा प्रयत्न केला. बसेना.

उपासनेनंतर चहा-बिस्किटं. ही नवी प्रथा. माझ्या वेळी नव्हती, कारण मला दार लावून घरी यायचं असायचं. ही उशिरा का यायची ते आता कळलं. मी क्षमेचं भाषण तयार करून गेलो होतो, पण कोणी काही विचारलंच नाही. ‘इतके दिवस कुठे होतात’ नाही, ‘का आला नाहीत’ नाही, ‘आज उशीर का’ नाही. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी हात धरला आणि साखर किती विचारली. असं कसं चालेल? माणसाने निदान रागवावं तरी.

मी किल्ली पुढे केली. म्हटलं, ही तुमची. ते म्हणाले, अरे हो, पहिल्याच आठवड्यात आम्ही कडी काढली, आता किल्ली लागतच नाही, ठेवा तुमच्याकडे.

हिला घरी येताना विचारलं की मला सांगितलं का नाहीस. म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, एक अक्षर नको.

लेकीशी बोलायचं होतं. जमलं नाही. तिनेच बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा करायला गेली. बाळाने खिशातून किल्ली ओढून काढली आणि तोंडात घातली. धुऊन, तेल काढून परत दिली.

आता झोपलं आहे. किल्ली मुठीत. सोडवायचा प्रयत्न केला, तर झोपेतच कपाळाला आठ्या घातल्या आणि मूठ आणखी आवळली. अगदी आजोबांवर गेली आहे, असं ही म्हणाली.